श्रीरुक्मिणीदेवींचे अश्रू आणि गृहस्थाचे घर

प्रवृत्ती आणि निवृत्ती हे दोन मार्ग शास्त्राने वेगळे सांगितले आहेत. परंतु निवृत्तीचे द्वार घरातील भांडणाच्या बाजूने उघडत नाही, ही गोष्ट पुष्कळ उपदेशी जनांच्या ध्यानी येत नाही. पतिपत्नींत कलह होतो, अबोला पडतो, पत्नी माहेरी जाते. आणि पती मठाच्या दारी येऊन म्हणतो, ‘महाराज, संसाराचा वीट आला, आता अनुसरण घ्यावे म्हणतो.’ तिकडे पत्नीही म्हणते, ‘आता देवच माझा, त्या घराशी माझा संबंध नाही.’ दोन्ही वाक्ये वैराग्याची वाटतात. पण जरा खरवडून पाहिले की खाली क्रोध दिसतो. वैराग्यात ज्याचा त्याग केला त्याच्याविषयी द्वेष उरत नाही. क्रोधात वस्तू सुटते आणि द्वेष मात्र बरोबर येतो. असा द्वेष घेऊन आलेल्याच्या मुखी नामस्मरण असले, तरी चित्तात स्मरण त्या भांडणाचेच चालते.

येथे कोणी शंका घेईल की, स्वतः सर्वज्ञांनीही गृहत्याग केलाच ना? लीळाचरित्राच्या एकांकात ती लीळा आहे. हरिपाळदेवांच्या रूपाने गुर्जर देशी असताना स्वामी द्यूत खेळले, डाव हरले, आणि देणे फेडण्यासाठी त्यांनी कमळाइसांकडे अलंकार मागितले. कमळाइसांनी ते दिले नाहीत. देणे पुढे पित्याने फेडले. परंतु स्वामी संसाराविषयी उदास झाले, आणि रामटेकच्या यात्रेचे निमित्त करून निघाले ते ऋद्धिपुरी श्रीप्रभूंच्या भेटीस पोहोचले.

या शंकेचे समाधान असे. अवताराची क्रीडा ही जीवाच्या अनुकरणाचा विषय नव्हे. परमेश्वराला प्रपंचात गुंतण्याचेही प्रयोजन नव्हते आणि तेथून पळण्याचेही नव्हते. त्यांना जीवांच्या उद्धारासाठी बाहेर पडावयाचे होते. ज्या गृहस्थाने पत्नीचे दागिने गमावले आणि तिने जाब विचारताच भगवे वस्त्र आठवले, त्याने ही लीळा आपल्या समर्थनासाठी पुढे करू नये. त्याने तिच्यातून एवढेच घ्यावे की, प्रापंचिक नात्याची परीक्षा मागण्याच्या आणि नाकारण्याच्या एका क्षणी होते, आणि त्या क्षणी दोघांपाशी परमेश्वर नसेल तर नाते उघडे पडते. कमळाइसांनाही कोणी दोष देऊ नये. स्त्रीचा अलंकार हा तिचा संकटकाळचा आधार असतो; तो डावावर लावू न देणे हा अधर्म नव्हे.

मग गृहस्थाने आदर्श कोणता घ्यावा? तो श्रीमद्भागवताच्या दशम स्कंधातील साठाव्या अध्यायात आहे. श्रीकृष्णचक्रवर्ती पलंगावर बसले आहेत आणि रुक्मिणीदेवी दासीच्या हातून चवरी घेऊन स्वतः वारा घालीत आहेत. महादाइसांनी ऋद्धिपुरी जिच्या विवाहाचे धवळे गाइले, नरेंद्र कवीने जिचे स्वयंवर वर्णिले, तीच ही रुक्मिणी. देव विनोदाने तिला म्हणतात की, शिशुपालासारखे थोर राजे तुला मागणी घालीत असता तू आमच्यासारख्या निर्धनाला, समुद्रात दडून राहणाऱ्याला का वरलेस? विवाह बरोबरीच्यांत शोभतो. अजूनही तुला योग्य असा दुसरा क्षत्रिय तू निवडावास. हे शब्द तिने कधी ऐकले नव्हते. ती पायाच्या नखाने भूमी उकरू लागली, अश्रूंनी कुंकुम ओघळले, हातातील कंकणे सैल झाली, चवरी गळून पडली, आणि ती मूर्च्छित झाली.

यापुढील क्रम प्रत्येक गृहस्थाने लक्षपूर्वक वाचावा. देव तत्काळ पलंगावरून खाली उतरले. ‘मी तर विनोद केला, तुला एवढे लागायचे कारण काय?’ असा वाद त्यांनी घातला नाही. आधी तिला उचलले, केस सावरले, अश्रू पुसले. मग आपण जे बोललो ते तिचे बोलणे ऐकण्यासाठी होते, हे स्वतः सांगितले. त्यानंतर रुक्मिणीदेवी बोलल्या. देवांच्या एकेका वाक्याला त्यांनी सविस्तर उत्तर दिले आणि देवांनी ते शेवटपर्यंत ऐकले. आणि अखेरीस देवांनी एक गोष्ट आठवली. तिच्या भावाला, रुक्मीला, विवाहप्रसंगी विद्रूप करण्यात आले. पुढे द्यूताच्या सभेत त्याचा वधही झाला. ते दुःख तिने वियोगाच्या भयाने गिळले आणि कधी शब्दाने काढले नाही. देवांनी हे तिच्यासमोर मान्य केले आणि तिच्या त्या मौनाने आपणास जिंकले असे सांगितले.

समेटाचे सारे शास्त्र यात आले. प्रथम खाली उतरणे, मग सावरणे, मग आपल्या शब्दाचे उत्तरदायित्व घेणे, मग दुसऱ्याचे पूर्ण ऐकणे, आणि शेवटी दुसऱ्याने जे मुकाट्याने सोसले ते आपल्या तोंडाने बोलून दाखवणे. आपल्या घरांत बहुधा पहिली पायरीच चुकते. जो तो म्हणतो, ‘तिने आधी यावे’, ‘त्यांनी आधी यावे’. ज्याच्यासमोर सर्व देवता नम्र होतात तो परमेश्वर पलंगावरून आधी उतरला, तेव्हा त्याचे थोरपण उणे झाले नाही. मग जीवाचे काय उणे होणार?

हा ‘आधी कोण’ चा अडसर विकल्पाने निर्माण होतो. दृष्टांतपाठातील ११४ दृष्टांतांत जात्यंधांचा आणि हत्तीचा दृष्टांत प्रसिद्ध आहे. एकाच्या हाती पाय लागला, एकाच्या कान, एकाच्या सोंड. आणि जो तो आपल्या हाती आले तेच हत्ती मानून बसला. पतिपत्नींच्या कलहात असेच होते. त्याच्या हाती तिचा एक कठोर शब्द लागलेला असतो, तिच्या हाती त्याचे एक असत्य. दोन्ही खरे असते. पण संसार त्याहून मोठा असतो. तो सर्वांगाने दाखवील असा डोळस मध्यस्थ दोघांना हवा असतो, आणि खरा डोळस परमेश्वरच आहे.

आता एक दृष्टांत आपल्या नाशिक जिल्ह्यातीलच घेऊ. कसारा ते इगतपुरी हा थळ घाटातील लोहमार्ग १८६५ मध्ये सुरू झाला. त्याची चढण सदतिसास एक इतकी तीव्र आहे. मुंबईकडून आलेल्या गाडीला कसाऱ्याला मागून जादा इंजिने लावतात. त्यांना ‘बँकर’ म्हणतात. ती गाडीला घाटभर मागून रेटतात आणि इगतपुरीला सोडली जातात. उलट, इगतपुरीहून खाली उतरणारी गाडी घाटात शिरण्यापूर्वी थांबते, तिच्या ब्रेकची तपासणी होते, आणि मगच ती पुढे सोडली जाते. चढणीवर मागून बळ, उतारावर आधी थांबणे, एवढ्या नियमावर तो घाट चालतो.

याचे दार्ष्टांतिक पाहण्यासाठी इगतपुरीच्या रेल्वे वसाहतीतील एक घर कल्पावे. पतीची रात्रपाळी आहे. पत्त्यांच्या नादाने कर्ज झाले, आणि त्याने पत्नीच्या पाटल्या तिला न सांगता सोनाराकडे गहाण ठेवल्या. दिवाळीला तिने डबा उघडला तेव्हा तो रिकामा. शब्दाने शब्द वाढला. ती दोन लेकरांना घेऊन घोटीला माहेरी गेली. भाऊ म्हणाला, ‘ताई, आता वकील पाहू.’ इकडे सासूबाई म्हणाल्या, ‘गेली तर जाऊ दे.’ ही दोन्ही माणसे गाडी उतारावर ढकलीत आहेत. उतारावर बळ लागत नाही, ब्रेक लागतो. नातलगांनी बँकर व्हावयाचे असेल तर चढणीच्या वेळी व्हावे, म्हणजे दोघे एकमेकांकडे परत येऊ लागतील तेव्हा.

तो पती मठात आला तर त्याला काय सांगावे? दीक्षा मागू नकोस, गहाणाची पावती घे. घोटीला जा. उंबऱ्यापाशी बस आणि ती पावती तिच्या हाती दे. ‘मी लपवले’ एवढेच म्हण आणि थांब. ती जे बोलेल ते पूर्ण ऐक. ती त्याच दिवशी परत येईल असे नाही, आणि येणे न येणे हा तिचा अधिकार आहे. दरमहा पगारातील रक्कम सोनाराला जाऊ दे, पत्त्यांचा अड्डा सुटू दे, आणि रोज सायंकाळी अनुसोचनासह स्मरण होऊ दे. प्रमादाची कबुली परमेश्वरासमोर द्यावयाची आणि ज्याचा अपराध केला त्याच्यासमोर मात्र गप्प राहावयाचे, हे अनुसोचन अपुरे होय. त्या पत्नीनेही पाटल्या सुटून घरी आल्यावर त्या प्रत्येक भांडणात पुन्हा बाहेर काढू नयेत. क्षमा केलेला अपराध पुनःपुन्हा उगाळणे म्हणजे फेडलेले देणे पुन्हा मागणे.

राजशासनालाही हा विवेक सुचलेला आहे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात न्यायालयाने विच्छेदापूर्वी समेटाचा प्रयत्न करावा असे सांगितले आहे. १९७६ च्या दुरुस्तीने परस्परसंमतीच्या विच्छेदाला सहा महिन्यांचा थांबा ठेवला. योग्य प्रसंगी तो शिथिल करता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये ठरवले. १९८४ च्या कुटुंब न्यायालय कायद्याचाही रोख समेटाकडेच आहे. न्यायाधीश जर निर्णयापूर्वी थांबू शकतो, तर ज्यांनी एका ताटात प्रसाद घेतला त्यांनी का थांबू नये?

तथापि समेट म्हणजे सोसणे नव्हे. सर्वज्ञांच्या आचारधर्माचा पाया अहिंसा आहे, आणि ती घराच्या चार भिंतींच्या आत संपत नाही. स्त्रीचा जीव वेगळा आणि पुरुषाचा जीव वेगळा, असे स्वामींनी कधी मानले नाही. अनुसरणाचा अधिकारही त्यांनी दोघांना सारखाच दिला. म्हणून जेथे हात उगारला जातो, तेथे ‘देवावर भार टाकून नांद’ असे सांगणारा उपदेश हा उपदेशच नव्हे. तेथे प्रथम स्त्रीचे व लेकरांचे रक्षण, मग बाकीचे. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा त्यासाठीच आहे, आणि त्याचा आश्रय घेणारी स्त्री श्रद्धेला उणी ठरत नाही. मारणाऱ्याचा पश्चात्ताप आचरणात आणि दीर्घकाळ दिसला पाहिजे. रडणे म्हणजे अनुसोचन नव्हे.

शेवटी मूळ विषयाकडे येऊ. दामोदरपंडित आणि हिराइसा ही पतिपत्नी दोघेही या मार्गात आली आणि दोघांचेही नाव पंथात आदराने घेतले जाते. ज्याला खरोखर निवृत्ती हवी आहे, त्याने आधी घरातील देणे फेडावे: पैशाचे, शब्दाचे आणि क्षमेचे. मागे कोणाचे अश्रू ठेवून निघालेल्या पावलांना ऋद्धिपूरची वाट दूर पडते. आणि ज्याला घरातच राहावयाचे आहे, त्याने आज रात्री दिवा मालवण्यापूर्वी एवढेच पाहावे की, आपल्या घरात पलंगावर कोण बसले आहे आणि भूमीवर कोणाचे अश्रू पडले आहेत. जो बसला असेल त्याने उतरावे. श्रीकृष्णचक्रवर्ती आधी उतरले आहेत; त्यांच्या मागून उतरण्यात जीवाला लाज कसली?