शुद्ध, अशुद्ध आणि आपण

'व्याकरण म्हणजे काय?' हा प्रश्न वरवर शाळकरी वाटतो. परंतु त्याचे आपण जे उत्तर देतो, त्यावर आपण माणसांना कसे वागवतो हे पुष्कळसे अवलंबून असते. व्याकरण हा भाषेचा कायदा मानला, तर तो मोडणारा बोलणारा दोषी ठरतो. ते भाषेचे वर्णन मानले, तर न जुळणाऱ्या प्रयोगापुढे वर्णनच सुधारावे लागते.

हा वाद पुरातन आहे. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात पतंजलीने 'महाभाष्या'त म्हटले की, घट हवा असेल तर माणूस कुंभाराकडे जातो. पण शब्द घडवून घ्यायला वैयाकरणाकडे कोणी जात नाही. शब्द लोकांपाशी असतातच. मात्र अपशब्दानेही अर्थ कळत असला, तरी साधु शब्दाच्या प्रयोगात धर्म आहे, असेही तो सांगतो. अशा रीतीने भाषेच्या नियमाला पुण्याची जोड मिळाली. आपण ज्या 'शुद्ध' शब्दाने अंतःकरणाची निर्मळता सांगतो, त्याच शब्दाने आजही वाक्य तपासतो.

व्याकरणाकडे पाहण्याची आणखी एक दृष्टी आपल्या परिचयाची आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे कोकणी भाषेचे पोर्तुगीजमधील व्याकरण त्यांच्या निधनानंतर, १६४० साली, गोव्यातील रायतूर येथे छापले गेले. ते परक्याला लोकांची भाषा शिकता यावी म्हणून रचलेले होते. तेथे लोक गुरू होते आणि वैयाकरण शिष्य.

विसाव्या शतकात, विशेषतः १९५७ नंतर, नोम चॉम्स्की यांनी व्याकरण ग्रंथाआधी बोलणाऱ्याच्या मनात असते, हा विचार पुढे आणला. 'बसलं', 'हसलं' ऐकणारे मूल 'करलं' म्हणते, तेव्हा आपण हसतो. पण त्याने नियम स्वतःच शोधून काढलेला असतो. 'केलं' हा अपवाद तेवढा त्याला ठाऊक नसतो.

बोलींचेही असेच आहे. वऱ्हाडात 'मी जेवून राहिलो' म्हणजे 'मी जेवत आहे'. हा प्रयोग तेथे नियमाने होतो. 'पानी', 'लोनी', 'कोन' म्हणणाराही 'ण'च्या जागी 'न' सातत्याने योजतो. जेथे सातत्य आहे तेथे नियम आहे, आणि नियम आहे तेथे व्याकरण आहे.

मग प्रमाण भाषा नकोच काय? तसे नव्हे. दूरदूरच्या माणसांना एकमेकांचे लिखाण वाचता यावे, म्हणून समान संकेत लागतो. १९६२ साली महाराष्ट्र शासनाने लेखनाचे नियम मान्य केले, ते याच सोयीसाठी. प्रमाण भाषा मुलांना न शिकवणे हाही अन्यायच होय. कारण परीक्षा, अर्ज आणि न्यायालय यांची दारे तिनेच उघडतात.

परंतु संकेत हा संकेतच असतो, त्याने माणसाची किंमत ठरत नाही. 'येथे असे लिहितात' असे सांगणे हे शिक्षण आहे. 'तुमच्या घरी अशुद्ध बोलतात' असे सांगणे हा अपमान आहे. पहिल्याने मुलाला दुसरी भाषा मिळते, दुसऱ्याने त्याची पहिली हिरावली जाते, आणि आजीशी बोलतानाही ते संकोचू लागते.

आपल्या वसईच्या कुटुंबांत कादोडी व वाडवळी अजून घरात बोलल्या जातात. मुलांची वही तपासताना आपण लाल शाई जरूर वापरावी. ती त्यांच्या जिभेवर मात्र सांडू नये.