कुंपणापलीकडची जबाबदारी

मंडळाच्या पॉटलकमध्ये बंदुकीचा विषय निघाला की लगेच दोन तट पडतात. एक पक्ष म्हणतो, "या देशाला बंदुकांचे वेड लागले आहे." दुसरा म्हणतो, "१७९१ सालापासून घटनेने दिलेला हक्क आहे, आपण बाहेरून आलेल्यांनी काय बोलावे?" मला आज या वादात शिरायचे नाही. माझा प्रश्न त्याहून लहान, पण घरातला आहे.

२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात ब्राँझपदक मिळवले. तेव्हापासून माझ्या पंधरा वर्षांच्या मुलाला नेमबाजीने झपाटले आहे. माझ्या एका अमेरिकन सहकाऱ्याची इथे टेक्ससमध्ये २० एकर जमीन आहे. तिथे तो घरी बनवलेल्या स्टँडवर कागदी टार्गेट लावून पॉइंट टू-टू रायफलने सराव करतो. मुलाने तिथे जायची परवानगी मागितली. आम्ही इथले नागरिक असल्यामुळे कायद्याची आडकाठी नव्हती. (एच-वन व्हिसावर असलेल्यांनी मात्र ध्यानात ठेवावे. शिकारीचा परवाना वगैरे मोजके अपवाद सोडले तर त्यांना बंदूक बाळगायला केंद्रीय कायद्याने मनाई आहे.) पण कायदा आडवा येत नाही, एवढ्यावरून एखादी गोष्ट योग्य ठरते का?

"आधी स्टँड बनवायला शिक," असे मी मुलाला सांगितले. काम सोपे आहे. खाली टू-बाय-फोर लाकडाची बैठक, तिच्या खाचेत उभ्या दोन पातळ पट्ट्या, पट्ट्यांवर पुठ्ठा आणि पुठ्ठ्यावर स्टेपल केलेला कागद. "लोखंडी पाइप का नाही? जास्त टिकेल," असे मुलाने विचारले. सहकारी म्हणाला, "लोखंडावर आपटलेली गोळी कुठे उसळेल याचा नेम नाही. लाकडाला लागली तर ते फक्त फुटते आणि नवी पट्टी एक-दोन डॉलरला मिळते." स्टँड मोडला तरी चालेल, माणसाला इजा होता कामा नये, हा हिशेब मला पटला.

पण स्टँड फक्त कागद धरतो, गोळी अडवत नाही. गोळी अडवतो तो त्यामागचा मातीचा बांध. तो डोक्यापेक्षा उंच आणि बिनदगडी मातीचा हवा, कारण दगडावरूनही गोळी उसळते. स्टँड बांधाच्या अगदी जवळ ठेवायचा, म्हणजे नेम थोडा चुकला तरी गोळी मातीतच जाते. आपल्या गावाकडे बांध म्हणजे शेताची हद्द. तो वीतभर सरकला तरी भाऊ भाऊ कोर्टात जातात. तिथे बांध सांगतो, माझे कुठवर आहे. इथला बांध सांगतो, माझ्या हातून सुटलेले कुठवर जाऊ द्यायचे आहे.

जरा आकडेमोड करू. २० एकरांचा चौरस तुकडा घेतला तर त्याची एक बाजू साधारण ९३० फूट भरते. पॉइंट टू-टूची गोळी लहान मुलांच्या शिक्षणात वापरतात, पण ती सुमारे दीड मैल, म्हणजे ७,९२० फूट जाऊ शकते. म्हणजे मालकी जिथे संपते, त्याच्या आठपट अंतरापर्यंत आपल्या बोटाची करामत पोचते. "माझ्या जमिनीवर मी काहीही करीन," हे वाक्य इथेच लंगडे पडते.

लहानपणी आपण अर्जुनाची गोष्ट ऐकली. त्याला झाड दिसले नाही, फांदी दिसली नाही, दिसला फक्त पक्ष्याचा डोळा. एकाग्रतेचा तो धडा खराच. पण इथे नेमबाजी शिकवताना त्याच्या नेमके उलटे बजावतात: लक्ष्य ओळखा आणि त्याच्यामागे काय आहे तेही पाहा. हा नियम आपल्याकडे दुसऱ्या गोष्टीत आहे. दशरथाचा नेम अचूक होता. घड्यात पाणी भरण्याचा आवाज त्याला हत्तीचा वाटला आणि न पाहताच त्याने बाण सोडला. बाण जिथे लागायचा तिथेच लागला, फक्त तिथे श्रावणबाळ होता. कौशल्य पूर्ण होते, पाहणे राहून गेले.

"मला माहीत नव्हते," हे दशरथाचे म्हणणे खरे होते. टेक्ससचा कायदाही शिकार किंवा सराव करताना जाणूनबुजून हद्दीपार गोळी झाडणाऱ्याला दोषी धरतो. विवेक त्यापुढे जाऊन विचारतो, माहीत करून घेणे तुझ्या हातात नव्हते का? १९७६ साली बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगेल या तत्त्वज्ञांनी 'नैतिक नशीब' हा प्रश्न मांडला. दोघे सारखेच बेफिकीर असतात. एकाच्या वाटेत कोणी येत नाही, दुसऱ्याच्या येते. आपण दुसऱ्यालाच गुन्हेगार म्हणतो. मला वाटते, पहिल्याचे फक्त नशीब चांगले, वागणे तेच. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात चूक झाली तर जुनी आवृत्ती परत आणता येते. सुटलेल्या गोळीला ती सोय नाही. म्हणून सगळी नीती चाप ओढण्याआधीच संपवावी लागते.

मध्यंतरी त्या जमिनीच्या दक्षिणेला, झाडांपलीकडे, नव्या घरांची वसाहत उभी राहू लागली. बांध शाबूत होता, कोणाची तक्रार नव्हती. तरी सहकाऱ्याने सराव थांबवला, खर्च करून टेकडीच्या बाजूला नवा बांध घातला आणि नेमाची दिशाच फिरवली. "तिथे उद्या मुलं खेळतील," एवढेच तो म्हणाला. ते ऐकल्यावर मी मुलाला परवानगी दिली. चष्मा, कानांचे संरक्षण आणि मोठ्या माणसाची देखरेख या अटी अर्थात होत्याच.

तुमच्या मुलांना कोणी असे बोलावले तर हक्काचा वाद घालू नका, नुसते नाहीही म्हणू नका. यजमानांना विचारा, "टार्गेटच्या मागे काय आहे? आणि त्याच्या मागे?" ज्याने विचार केलेला असतो, तो आनंदाने जागा दाखवायला नेतो. जो म्हणतो, "जमीन माझी आहे," त्याच्याकडे मुलांना पाठवू नका.