श्वासाचं बळ

पाठ ताठ ठेवून बसा. एक हात छातीवर, एक पोटावर. श्वास बदलू नका. येतो तसा येऊ द्या.

पोटावरचा हात हलके उचलला जातोय. फुफ्फुसांना आपली आपण फुगता येत नाही. त्यांच्या खालचं श्वासपटल आकसून खाली सरकतं, बरगड्यांमधले स्नायू छातीचा पिंजरा रुंदावतात, तेव्हा हवा आत येते. हे स्नायू जन्मभर राबतात. दोन श्वास फक्त या कष्टाकडे लक्ष द्या.

आता डहाणू-तलासरीच्या वारली पाड्यावर तारपा वाजवणारा डोळ्यांपुढे आणा. गंजाडचे वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांनी त्याला मधोमध ठेवून भोवती नाचणाऱ्यांचं वेटोळं रंगवलं. दुधी भोपळा आणि बांबूच्या नळ्यांचं ते वाद्य. गालांत हवा साठवून तो नाकाने श्वास घेतो आणि सूर तुटू देत नाही. सुराला दम लागतो, दमाला स्नायू लागतो, स्नायूला अन्न लागतं.

इथे थांबा.

भाताच्या आवणीच्या दिवसांत काम सर्वांत जड असतं, आणि अनेक घरांत कणगीचा तळ तेव्हाच दिसू लागतो. खाणं अपुरं पडत राहिलं की शरीर स्वतःचे स्नायू मोडून जगतं. दंड बारीक झालेले दिसतात, श्वासपटल झिजलेलं दिसत नाही. श्वास उथळ होतो. खोकल्यातला जोर जातो, कफ आतच राहतो. मुलांचं नुकसान आणखी खोल असतं. फुफ्फुसं विशीच्या आसपासपर्यंत वाढतात; आईच्या पोटात आणि बालपणी आबाळ झाली, तर त्यांची वाढ खुंटते.

पोटावरच्या हाताकडे परत या. वजन नुसतं वाढून भागत नाही. पोटात चरबी साठली की ती श्वासपटलाला वर रेटते आणि श्वासाला जागा कमी पडते. काट्यावर स्नायू आणि चरबी एकाच आकड्यात मोजले जातात. श्वासाला मात्र दोन्हींतला फरक कळतो.

अन्नाचं हे बळ क्षयातही दिसतं. झारखंडमध्ये क्षयरुग्णांच्या घरच्यांना पोषक शिधा दिला गेला. त्या कुटुंबांत नव्या क्षयाचं प्रमाण सुमारे 40 टक्क्यांनी घटलं, असं 2023 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. ज्या रुग्णांचं वजन उपचाराच्या सुरुवातीच्या दोन महिन्यांत वाढलं, त्यांच्यात मृत्यूही कमी झाले. औषध हवंच, आणि त्याच्या जोडीला भरलेलं ताटही हवं.

एक दीर्घ श्वास घ्या. तो घेता आला, कारण कुणीतरी तुम्हाला वर्षानुवर्षं जेवू घातलं. हे ऋण मान्य करा.

आदिवासी भागातल्या गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीतून एक वेळचं पूर्ण जेवण मिळावं, म्हणून महाराष्ट्रात 2015 पासून अमृत आहार योजना आहे. मनन संपवून उठाल, तेव्हा जवळच्या अंगणवाडीत जा. मुलांचं वजन पाहा, आणि विचारा: आज आईच्या ताटात डाळ होती का? मुलाला अंडं मिळालं का? उत्तर ‘नाही’ आलं, तर डाळ-अंडं मिळेपर्यंत विचारत राहा.