पुन्हा गादीवर



मागच्या रविवारी मिस्सानंतर एक आई आपल्या नववीतल्या मुलीला घेऊन आमच्याकडे आली. मुलीने हौसेने ज्युदोचा क्लास लावला होता आणि दोन महिन्यांत सोडला होता. का, म्हणून विचारले तर ती पटकन म्हणाली, "फादर, मी रोज फक्त पडते. माझ्यानंतर आलेली पोरंसुद्धा मला पाडतात." आम्ही तिला चिकाटीबद्दल चार शब्द सांगावेत अशी आईची अपेक्षा होती. पण आम्हांला आमचीच गोष्ट आठवली आणि ते चार शब्द काही तोंडातून निघेनात.

पुण्याला शिकत असताना, पंचविशीत, आम्हीही पांढरा पट्टा बांधून गादीवर उतरलो होतो. ज्युदोत आधी पडायला शिकवतात. हनुवटी छातीकडे ओढायची, म्हणजे डोके आपटत नाही. पाठ टेकताना पसरलेला हात गादीवर सपकन मारायचा, म्हणजे धक्का एकाच जागी बसत नाही. याला उकेमी म्हणतात. मग डाव. जोडीदार स्वस्थ उभा राहतो, आपण त्याची कॉलर आणि बाही धरून तोच डाव पुन्हा पुन्हा घोटायचा. इथवर आम्ही मोठ्या खुशीत होतो. मग आली रान्दोरी, म्हणजे मोकळी झुंज. आता जोडीदार स्वस्थ उभा राहत नाही. तो सरकतो, ओढतो, आपल्याला पाडायला बघतो, आणि घोटलेले सारे डाव डोक्यातून पळून जातात. राग येतो. रागाने हात ताठ होतात, आणि ताठ हातांचा माणूस पाडायला फार सोपा. पडले की आणखी राग.

एका रविवारी चौदा वर्षांच्या एका मुलाने आम्हांला लागोपाठ तीनदा पाडले. दर वेळी हात देऊन उठवले, हे तर आणखीनच झोंबले. चौथ्या वेळी आम्ही डावबिव सोडला आणि नुसत्या अंगाच्या वजनाने त्याला खाली आपटले. बिचाऱ्याला हात मारायलाही वेळ मिळाला नाही. तो खांदा धरून बसून राहिला. सकाळी मिस्सामध्ये शांतीची खूण देऊन आलेले आम्ही, दोन मिनिटांत हे करून बसलो.

संत पौल करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या नवव्या अध्यायात स्वतःची तुलना मुष्टियोद्ध्याशी करतो आणि आपण हवेत ठोसे मारणारे नाही असे बजावतो. करिंथच्या लोकांना हे समजावून सांगावे लागले नसेल. त्यांच्या नगराजवळच दर दोन वर्षांनी मोठे खेळ भरत. हवा उलटा ठोसा मारत नाही, म्हणून हवेत प्रत्येकजण पहिलवान असतो. आपली सहनशीलताही बहुतेक वेळा हवेतलीच. देवळातल्या बाकावर ती छान जमते. घरी सुनेने एक शब्द उलटा बोलला, भावाने बांधावरचा दगड हलवला, की सगळे घोटलेले डाव गायब. मग आपण म्हणतो, "त्यांनी मला पापात पाडले." खरे म्हणजे त्यांनी आपल्याला दाखवून दिले, आपण अजून कुठे आहोत ते.

आणि इथेच ज्युदो सोडलेल्या मुलीसारखे आपले होते. कितीतरी माणसे आम्हांला सांगतात, "फादर, प्रायश्चित्ताला येऊन काय करू? दर वेळी तेच पाप. आता लाज वाटते." मग एक ईस्टर जातो, दुसरा जातो. माणूस वाईट झालेला नसतो, पडून पडून कंटाळलेला असतो. हा कंटाळा पापाहूनही घातक आहे असे आमचे मत आहे, कारण पाप पाडते तेवढेच. हा गादीवरून घरी पाठवतो.

ज्युदोचे संस्थापक जिगोरो कानो यांचा जन्म १८६० चा. अंगाने लहानखुरे. १८७७ साली ते टोकियोत फुकुदा नावाच्या गुरूंकडे जुजुत्सू शिकायला लागले. एकदा त्यांनी विचारले, हा डाव कसा करायचा? गुरूंनी उत्तर म्हणून त्यांना उचलून पाडले. पुन्हा विचारले, पुन्हा पाडले. तिथलाच एक दांडगा सहाध्यायी कानोंना काही केल्या आवरत नव्हता. त्याच्यासाठी त्यांनी सुमोचे डाव बघितले, परदेशी कुस्तीची पुस्तके धुंडाळली, आणि अखेरीस त्याला खांद्यावर घेऊन पाडलेच. १८८२ मध्ये त्यांनी एका बौद्ध मंदिरात कोदोकान ही आपली शाळा काढली. कानो ख्रिस्ती नव्हते. पण जोडीदार हा वैरी नसून त्याच्याशिवाय आपण शिकूच शकत नाही, ही त्यांची शिकवण आपण खुशाल घ्यावी.

उत्पत्तीच्या बत्तिसाव्या अध्यायातला याकोब आठवा. जन्मताना त्याने भावाची टाच धरली होती, पुढे कपटाने त्याचा आशीर्वाद लाटला. समोरासमोर पकड घेणे त्याला ठाऊकच नव्हते. उद्या एसावाला तोंड द्यायचे म्हणून घाबरलेला हा माणूस यब्बोक नदीकाठी एकटा उरतो आणि कुणीतरी त्याच्याशी पहाटेपर्यंत झुंजते. पहाटे तो अनोळखी याकोबाच्या जांघेला नुसता स्पर्श करतो आणि सांधा निखळतो. म्हणजे मनात आणले असते तर पहिल्या क्षणालाच झुंज संपली असती! त्याने रात्रभर हात राखून याकोबाला झुंजू दिले, जसा जाणता खेळाडू नवख्याला खेळवतो. याकोब काही जिंकला असे दिसत नाही. त्याने फक्त पकड सोडली नाही. सकाळी तो लंगडत निघाला, आशीर्वाद घेऊन निघाला, आणि भावापुढे सात वेळा जमिनीपर्यंत लवला.

आम्ही मात्र त्या प्रकारानंतर दोन आठवडे क्लासला गेलो नाही. अभ्यास आहे, असे सगळ्यांना सांगितले. त्या दोन आठवड्यांत प्रायश्चित्तालाही गेलो नाही. त्याला काही कारण सांगावे लागले नाही, कुणी विचारलेच नाही. तिसऱ्या शनिवारी धर्मगुरूंपुढे गुडघे टेकले आणि दुसऱ्या दिवशी गादीच्या कडेला जाऊन उभे राहिलो. तो मुलगा तिथे होता. आम्ही माफी मागितली. तो जरा गोंधळला, मग वाकून नमस्कार केला आणि आमची कॉलर धरली. "खांदा बरा आहे," तो म्हणाला. "पण तुम्ही हात ताठ ठेवता. ढिले सोडा."

त्या दिवशी त्याने आम्हांला पाच वेळा पाडले.