‘मी’ कोणाचा? आत्माविष्कार, रस आणि अधिकार

कला म्हणजे कलावंताच्या मनातले बाहेर येणे, ही समजूत आज इतकी रुळली आहे की तिच्यामागे एक ठरावीक विचारपरंपरा उभी आहे, हे सहसा ध्यानात येत नाही. युरोपात अठराव्या शतकाच्या अखेरीस स्वच्छंदतावादाबरोबर ती बळावली. स्वतः अनुभवलेली भावना जाणीवपूर्वक दुसऱ्यापर्यंत पोहोचवणे म्हणजे कला, अशी मांडणी टॉलस्टॉयने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस केली. पुढे क्रोचे आणि कॉलिंगवुड यांनी आविष्काराच्या या कल्पनेला तत्त्वज्ञानाची बैठक दिली. भारतीय परंपरेत विचाराची सुरुवात दुसऱ्याच टोकाकडून होते. रंगमंचावर दिसणारे दुःख नेमके कोणाचे: रामाचे, नटाचे, कवीचे की प्रेक्षकाचे? आणि ते जाहीरपणे बोलून दाखवण्याचा अधिकार कोणाला? मराठी समाजात हे दोन्ही प्रश्न ज्ञानेश्वरांच्या काळापासून एकमेकांत गुंतलेले आहेत, आणि कलेवरून झालेले बरेचसे वाद ‘काय म्हटले’ यापेक्षा ‘कोणी म्हटले’ याभोवतीच फिरलेले दिसतात.

भरताच्या नाट्यशास्त्रातली नाट्योत्पत्तीची कथा मुळात अधिकाराचीच कथा आहे. वेद ऐकण्याची शूद्रांना मुभा नाही, म्हणून सर्व वर्णांसाठी पाचवा वेद निर्माण कर, अशी विनंती इंद्रादी देव ब्रह्मदेवाला करतात. ऋग्वेदातून पाठ्य, सामवेदातून गीत, यजुर्वेदातून अभिनय आणि अथर्ववेदातून रस घेऊन नाट्यवेद सिद्ध होतो. पण पहिलाच प्रयोग उधळला जातो. देवांनी दैत्यांवर मिळवलेला विजय त्यात दाखवलेला असतो. दैत्य चिडतात आणि विघ्नांच्या मदतीने नटांची वाणी, हालचाल आणि स्मृती गोठवून टाकतात. इंद्र ध्वजदंडाने त्यांना झोडपतो, पुढच्या प्रयोगांसाठी संरक्षित नाट्यगृह बांधले जाते. तरीही ब्रह्मदेव तेवढ्यावर थांबत नाही. तो दैत्यांची समजूत घालतो: हे नाट्य एकट्या देवांचे नाही, तिन्ही लोकांच्या भावांचे अनुकीर्तन आहे, त्यात तुम्हीही आहात. ग्रंथाच्या शेवटी पारडे उलटते. भरताचे पुत्र प्रयोगातून ऋषींची टवाळी करतात आणि ऋषी त्यांना शाप देऊन शूद्रत्वाला पोहोचवतात. नाट्यगृहावर दगडफेक करणारा जमाव आणि उपहासाने दुखावलेले प्रतिष्ठित, ही दोन्ही पात्रे या कलेच्या आद्य ग्रंथातच हजर आहेत.

रसाची चर्चा करणाऱ्यांनी मात्र कोणाचा अधिकार हा प्रश्न बाजूला ठेवून कोणाचा भाव या प्रश्नावर सारी बुद्धी खर्चली. भट्टनायकाने साधारणीकरणाची कल्पना मांडली आणि दहाव्या-अकराव्या शतकातल्या काश्मिरी अभिनवगुप्ताने ती आपल्या पद्धतीने पुढे नेली. रंगभूमीवरचा शोक ‘माझा’ नसतो, ‘शत्रूचा’ नसतो, कोण्या एका स्थळाकाळाचाही नसतो. तो या सगळ्या उपाधींतून सुटतो तेव्हाच सहृदयाला त्याचा आस्वाद घेता येतो. क्रौंचवधाच्या प्रसंगाबद्दल अभिनवगुप्ताचे म्हणणे फार मार्मिक आहे. वाल्मीकींना झाला तो खासगी शोक असता, तर त्यांनी रचना केली नसती, ते दुःख करीत बसले असते. रसास्वादातल्या विघ्नांमध्येही त्याने स्वतःच्याच सुखदुःखात गुरफटून राहणे हे एक विघ्न गणले आहे. आत्माविष्काराच्या आधुनिक कल्पनेला याहून थेट छेद देणारे मत सापडणे कठीण. चौदाव्या शतकात विश्वनाथाने रसास्वाद हा ब्रह्मास्वादाचा सहोदर ठरवला, आणि अहंकार गळून पडणे ही जशी मोक्षाची वाट तशीच ती कलेचीही झाली.

या सिद्धान्ताची खरी कसोटी लागते ती अभंगात. वारकरी विचारही अहंकार सोडायला सांगतो, पण अभंगाच्या अखेरच्या चरणात रचणाऱ्याचे नाव येतेच: नामा, जनी, चोखा, तुका. संस्कृत स्तोत्रांतही कवीचे नाव अधूनमधून येते, पण इथे ते रूढच झाले. दिंडीत चालताना हे प्रत्यक्ष दिसते. गळ्यात वीणा घेतलेला वीणेकरी मध्ये, दोन्ही बाजूंना टाळकऱ्यांच्या ओळी, पखवाजाचा ठेका. एकजण चरण उचलतो, बाकीचे ध्रुपद धरतात. नाममुद्रेचा चरण आला की आवाज चढतो, आणि पन्नास माणसे एकाच वेळी स्वतःला तुका किंवा जनी म्हणवून घेतात. मिशाळ शेतकरी दळणकांडण करणाऱ्या दासीच्या तोंडून विठ्ठलाला हाक मारतो आणि त्यात त्याला काही अवघडल्यासारखे वाटत नाही. साधारणीकरण इथे होते, पण वेगळ्या रीतीने. काश्मिरी सिद्धान्तात भाव सर्वांचा व्हावा म्हणून त्याच्यावरचे नाव पुसले जाते. अभंगात नाव जागच्या जागी राहते आणि सगळेजण त्या नावात शिरतात.

नाव राहते म्हणूनच भांडणालाही जागा राहते. तुकाराम दुष्काळाबद्दल, बुडालेल्या व्यापाराबद्दल, अन्नावाचून गेलेल्या पत्नीबद्दल बोलतात. हा आत्माविष्कार नव्हे तर काय? पण तेच तुकाराम पुन्हा पुन्हा बजावतात की हे बोल आपले नाहीत, बोलविता धनी निराळा आहे. नामदेव स्वप्नात आले आणि त्यांनी कवित्वाचे काम सोपवले. ही नम्रता खरी आहे यात शंका नाही. मात्र तिचा एक सामाजिक उपयोगही होता, तो नजरेआड करून चालत नाही. वेदांचा अर्थ शूद्राने लोकांत सांगावा, हाच तर आक्षेप होता. वाघोलीच्या रामेश्वरभटांनी वह्या इंद्रायणीत बुडवायला लावल्या आणि तेरा दिवसांनी त्या कोरड्या वर आल्या, असे परंपरा सांगते. ज्याला बोलण्याचा अधिकार नाही त्याने बोलणारा आपण नव्हेच असे म्हटले, तर अधिकाराचा मुद्दा विचारणाऱ्यावरच उलटतो: देवाला अधिकार आहे की नाही, हे आता कोण ठरवणार? वह्या तरल्याच्या आख्यायिकेचा गाभा हाच आहे. निवाडा धर्मसभेच्या हातून काढून नदीकडे सोपवला गेला.

तुकारामांच्या शिष्या बहिणाबाई यांच्याबाबतीत हा पेच दुहेरी होतो. त्या ब्राह्मण, गुरू कुणबी. आणि त्या स्त्री. नवऱ्याच्या मारहाणीची, घरातल्या कोंडीची आणि आपल्या मागील बारा जन्मांची हकिकत त्यांनी अभंगांत सांगून ठेवली आहे. सतराव्या शतकातले हे स्त्रीचे आत्मकथन म्हणून मोलाचे आहेच. शिवाय नवऱ्याच्या संतापाचे कारण, म्हणजे कुणबी गुरूचा स्वीकार, त्या झाकत नाहीत, ही गोष्ट अधिक लक्षणीय आहे.

चोखामेळ्याच्या वाट्याला वेगळेच आले. विटाळ कोणाला नाही, असा प्रश्न त्याने अभंगांतून विचारला. त्याची पत्नी सोयराबाई हिने तर देह जन्माला येतो तोच विटाळातून, मग सोवळा कोण, असे देवालाच विचारले. हे अभंग वारकरी परंपरेने नाकारले नाहीत. ते कीर्तनांत आले, गाथ्यांत आले, सर्व जातींच्या तोंडी रुळले. चोखामेळा 1338 मध्ये मंगळवेढ्याला गावकुसाचे काम करताना भिंत कोसळून गेला आणि त्याची समाधी पंढरपूरच्या महाद्वारासमोर बांधली गेली. दाराच्या आत त्याच्या ज्ञातिबांधवांना प्रवेश मिळाला तो 1947 मध्ये साने गुरुजींनी उपोषण केल्यानंतर. मधली सहाशे वर्षे त्याचे शब्द गाभाऱ्यापर्यंत जात होते आणि त्याची माणसे पायरीशी थांबत होती. कलेने समाज आपोआप बदलतो असे मानणाऱ्यांनी या सहाशे वर्षांचा हिशोब द्यायला हवा. दुसऱ्याचे दुःख आपल्या गळ्यातून गाता येणे ही मोठी गोष्ट आहे. पण गाणाऱ्याला तेवढ्यावरच आपले कर्तव्य झाले असे वाटण्याचा धोका त्यातच दडलेला असतो.

मुखवट्याने बोलण्याची वाट एकनाथांनी रुंद केली. त्यांच्या भारुडांत जोशी येतो, वासुदेव येतो, गोंधळी येतो, आणि जोहार घालणारा महारही येतो. ब्राह्मण कवीने महाराच्या तोंडून वेदान्त सांगणे हे सोळाव्या शतकातल्या पैठणात धाडसाचेच होते. तरी एक फरक उरतो. एकनाथांना महाराचा मुखवटा चढवता येत होता आणि उतरवताही येत होता. चोखामेळ्याला ती सोय नव्हती. मुखवट्याचे राजकीय सामर्थ्य पुढे संगीत रंगभूमीच्या काळात दिसले. खाडिलकरांच्या ‘कीचकवध’ (1907) या नाटकाची कथा महाभारतातली आहे, पण प्रेक्षकांनी कीचकात कर्झन, द्रौपदीत भारतमाता आणि भीमात जहाल पाहिले. इंग्रज सरकारने 1910 मध्ये त्यावर बंदी घातली, म्हणजे सरकारनेही ते नाटक तसेच वाचले. अर्थ लेखकाच्या शब्दांत होता की प्रेक्षकांच्या मनात, हे नाट्यप्रयोगाच्या कायद्याला शोधण्याची गरज वाटली नाही.

विसाव्या शतकात फडके आणि खांडेकर यांच्या नावाने गाजलेला ‘कलेसाठी कला की जीवनासाठी कला’ हा वाद मराठी वाचकांना पाठ आहे. त्यातून धूर जितका निघाला तितका उजेड पडला नाही. कलेचे प्रयोजन काय, यावर दोन्ही बाजू हिरिरीने बोलल्या. कलावंत म्हणून बोलायला कोण उभे राहू शकते, हे दोन्ही बाजूंनी गृहीतच धरले. मर्ढेकरांची सौंदर्यमीमांसा या वादाहून कितीतरी खोल जाते, पण लयीच्या नियमांत कलाकृतीचे सौंदर्य शोधताना तीही या प्रश्नापाशी थांबत नाही.

तो प्रश्न ऐरणीवर आणला दलित साहित्याने. 1950 मध्ये संविधानाने कलम 19 अन्वये अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य प्रत्येक नागरिकाला दिले, म्हणजे जुना अधिकारभेद कागदावर संपला. बाबूराव बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (1963) या संग्रहाचे शीर्षकच सांगते की व्यवहारात ‘मी’ उच्चारण्याची किंमत अजून मोजावी लागत होती. नामदेव ढसाळांच्या ‘गोलपिठा’ (1972) मधले शब्द मध्यमवर्गीय वाचकाला कळेनात. प्रस्तावना लिहिणाऱ्या विजय तेंडुलकरांनाही त्यातल्या कित्येकांचे अर्थ ढसाळांकडून समजून घ्यावे लागले. सहृदय रसिक असण्यासाठी काव्याचा अभ्यास लागतो, असे अभिनवगुप्त म्हणतो. इथे अभ्यास करावा लागत होता तो कामाठीपुऱ्याचा.

दलित समीक्षकांनी रसविचारावर घेतलेला आक्षेप, शरणकुमार लिंबाळे यांच्या ‘दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र’ (1996) सारख्या ग्रंथात जो विस्ताराने मांडला आहे, तो थोडक्यात असा: अन्यायाने भोगायला लावलेले दुःख हे करुणरसाच्या आनंदाचे साधन होऊ शकत नाही. या आक्षेपाला उत्तर देता येते. आस्वाद म्हणजे मजा नव्हे, आणि साधारणीकरण म्हणजे विस्मरण नव्हे, असे रसवादी म्हणेल व ते चुकीचे ठरणार नाही. पण आक्षेपाचा कणा तरीही शाबूत राहतो. स्थळकाळाच्या उपाधी गळाल्या की भाव शुद्ध होतो, हे नाट्याला लागू पडते, साक्षीला नाही. साक्षीदाराच्या जबानीतून गाव, वर्ष आणि नावे काढून टाकली तर मागे काहीच उरत नाही. दया पवारांच्या ‘बलुतं’मध्ये (1978) धामणगाव हे धामणगावच राहते, मुंबईतला कावाखाना हा कावाखानाच राहतो. हे कोणत्याही माणसाचे दुःख आहे, असे म्हणून वाचक सुटू पाहतो तेव्हा पुस्तक त्याला सुटू देत नाही.

त्याच पुस्तकात ‘मी’ एकसंधही नाही. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या दया पवारला दगडू मारुती पवार आपली कहाणी सांगतो, आणि दोघे अर्थातच एक आहेत. पांढरपेशा झालेला लेखक आपल्याच भूतकाळाकडे परक्यासारखा पाहतो; अभंगातला कवी जसा शेवटच्या चरणात स्वतःला बाहेरून हाक मारतो, तशीच ही रचना आहे, फक्त देव वगळून. पुस्तकावर टीका झाली ती सवर्णांकडूनच नव्हे. वस्तीतले दारिद्र्य, व्यसने, नात्यांतले तपशील चव्हाट्यावर आणल्याबद्दल शिकलेल्या दलितांपैकीही अनेकजण नाराज झाले. आपली कथा सांगताना आईची, बायकोची, शेजाऱ्यांची कथाही सांगितली जाते, आणि त्यांची संमती कोणी घेतलेली नसते.

स्त्रियांच्या आत्मकथनांनी हा गुंता आणखी उघडा केला. बेबी कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’मध्ये सवर्णांच्या जुलमाबरोबर घरातल्या पुरुषांचा आणि सासवांचा जुलूमही त्याच आवाजात येतो. मल्लिका अमर शेख यांनी ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’मध्ये ढसाळांबरोबरच्या संसाराबद्दल लिहिले, म्हणजे गोलपिठ्याला आवाज देणाऱ्या कवीच्याच घरातून दुसरा आवाज उठला. ऊर्मिला पवारांच्या ‘आयदान’लाही (2003) त्यातल्या मोकळेपणाबद्दल बोल लावला गेला. आधी धर्मसभा विचारत होती तो अधिकाराचा प्रश्न आता नवरा, सासर आणि भावकी विचारू लागली. कलम 19 च्या दुसऱ्या उपकलमात बदनामीची मर्यादा नोंदलेली आहे. पण दोघांनी मिळून जगलेल्या संसाराची हकिकत त्यातल्या कोणाच्या मालकीची, हे कायद्याच्या शब्दांतून निघत नाही, आणि या लेखिकांनी ते आपापल्या जबाबदारीवर ठरवले.