तिसरी पिन

खंडेनवमीला ओळखीच्या एका फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये पूजेला गेलो होतो. वेल्डिंग मशीनला हळदकुंकू, ड्रिलला झेंडूची माळ, मेन स्विचवर आंब्याचा डहाळा. कोपऱ्यात हँड ग्राइंडर होता, त्याच्यावरही फूल. प्लग मात्र नव्हता. वायरची दोन टोकं सोलून सॉकेटात खुपसलेली आणि निसटू नयेत म्हणून काडेपेटीच्या काड्या ठोकलेल्या. हिरवी वायर मागं दुमडून टेपखाली गेलेली. ‘शॉक नाही बसत?’ असं विचारलं, तर तिथला पोरगा हसला. ‘झिणझिण्या येतात थोड्या. फळीवर उभं राहिलं की काही होत नाही.’

त्या फळीपाशी माझं मन अडकलं आहे. यंत्रात दोष आहे हे सगळ्यांना कळलं होतं. उपायही झाला होता, पण तो पोराच्या पायाखाली!

तीन पिनांच्या प्लगची वरची पिन जाड आणि लांब असते. लग्नघरच्या आचाऱ्यासारखी ती सर्वांआधी आत शिरते, सर्वांनंतर बाहेर पडते. पत्र्यात करंट उतरलाच तर त्याला जमिनीची वाट दाखवायची, एवढंच तिचं काम. यंत्र तिच्यावाचूनही फिरतं, म्हणून आधी तिचीच हिरवी वायर कापली जाते.

मालक तसा भला माणूस. नंतर बोललो तेव्हा ‘एमसीबी बसवलाय की,’ म्हणाला. पण एमसीबी वायर जळू नये म्हणून असतो. १६ अँपिअरचा एमसीबी ज्या प्रवाहाकडे ढुंकूनही बघत नाही, त्याच्या बारक्या अंशानं माणसाचं हृदय थांबू शकतं. माणसासाठी असतो तो आरसीसीबी. ३० मिलिअँपिअरची गळती झाली की तो डोळ्याचं पातं लवायच्या आत पुरवठा तोडतो. मालकाला हे वायरमननं सांगितलं नसेल असं मला वाटत नाही. ग्राइंडर रोज त्यालाच धरावा लागता, तर प्लग त्याच दिवशी आला असता.

आणि मी? सणाचा दिवस, हातात पेढा. मालकाला काही न बोलता घरी आलो. बोलायला गेलो ते चौथ्या दिवशी, आणि त्या चार दिवसांत ग्राइंडर चालूच होता.

उद्या कामावर गेलात की बोर्डावर आरसीसीबीचं, ‘टेस्ट’ किंवा नुसतं ‘टी’ लिहिलेलं छोटं बटण शोधा आणि वायरमनला सांगून दाबून बघा. लाइट गेली पाहिजे. गेली नाही, किंवा बटणच सापडलं नाही, तर त्याच दिवशी बोला.