चुकलेला स्वर आणि वृत्रासुर

परवा कीर्तन आटोपले, आरती झाली, तरी एक वृद्ध माळकरी खांबापाशी घुटमळत राहिले. जवळ येऊन म्हणाले, "महाराज, जिभेला वळण नाही. हरिपाठात शब्द चुकतो. एक स्वर चुकला अन् यज्ञ उलटला, असं कुणीसं सांगितलं. तवापासून मी मुकाच बसतो."

सज्जनहो, सांगणाऱ्याने खोटे सांगितले नाही, अर्धे सांगितले.

कथा भागवताच्या सहाव्या स्कंधातली. विश्वरूप हा देवांचा पुरोहित, पण आजोळ दैत्यांचे. म्हणून चोरून असुरांनाही हविर्भाग देई. इंद्राने त्याची तिन्ही मस्तके उडविली. बाप त्वष्टा संतापला, इंद्राला मारणारा निपजावा म्हणून होम करू लागला. मंत्रात शब्द 'इंद्रशत्रु'. शेवटच्या अक्षरावर उदात्त असता तर अर्थ 'इंद्राला मारणारा'. तो पडला पहिल्यावर, आणि अर्थ झाला 'इंद्र ज्याला मारणारा'! भागवतात नुसता मंत्र आहे. स्वराचा हा दाखला पतंजलींच्या महाभाष्यात, व्याकरण का शिकावे ते सांगताना येतो. यज्ञाची शिस्त कडकच असते, तिला नावे ठेवू नयेत.

अग्नीतून वृत्र निघाला. मरण जन्मासोबतच आलेले. पण रणात हा काय मागतो ते ऐका. समोर दधीचींच्या अस्थींचे वज्र घेतलेला इंद्र, आणि हा देवाला आळवतो आहे: स्वर्ग नको, राज्य नको, तुझ्यावाचून मोक्षही नको, पंख न फुटलेली पिले आईची वाट पाहतात तसे माझे मन तुझी वाट पाहते. पुढे एक हात तुटलेला असताना त्याने घाव घातला, इंद्राचे वज्र गळाले. लाजेने त्याला उचलवेना. तेव्हा वृत्रच म्हणाला, अरे, उचल ते, ही खंत करण्याची वेळ नव्हे!

मागल्या जन्मीचा हा राजा चित्रकेतू, नारदांचा उपदेश झालेला. पार्वतीच्या शापाने असुर झाला. देह बिघडल्या मंत्राचा मिळाला. भजन मात्र बिघडले नाही.

त्याची मान तोडायला वज्राला वर्ष लागले. देहातून ज्योत निघाली ती भगवंतात मिळाली. आणि जिंकलेला इंद्र? ब्रह्महत्येच्या भयाने हजार वर्षे कमळाच्या देठात दडून बसला.

आजोबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग टाळ मागून घेतले, दोरी चाचपून पाहिली आणि विचारले, "उद्या काकडा किती वाजता?"